दूध बिलाची क्वेरी आणि १८ बाइटचा कॉलम: प्रकल्प नोंदी

११ जून २०२५

आज बिलाचा दिवस. संघाचं दूध बिल दर दहा दिवसांनी निघतं: महिन्याच्या ११, २१ आणि १ तारखेला. हिशेब विभागातल्या अण्णांचा सकाळीच फोन. "बटण दाबून चहा पिऊन आलो, अजून गोल फिरतंय." आधी दोनदा त्यांनी हेच सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा मी सर्व्हरकडे बोट दाखवून मोकळा झालो होतो. आज शेजारी बसून मोजलं. ६२ केंद्रांची बिलं व्हायला ४ मिनिटं १० सेकंद, म्हणजे एका केंद्रामागे साधारण ४ सेकंद.

टेबल एकच आहे, 'संकलन'. प्रत्येक सभासदाची सकाळची एक ओळ, संध्याकाळची एक. केंद्र, सभासद, तारीख, वेळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ), दर, रक्कम, आणि शेवटी 'कच्चा' नावाचा जेसनबी कॉलम, म्हणजे नाव-किंमत जोड्यांचा कितीही मजकूर मावणारा. केंद्रावरचं मिल्क अ‍ॅनालायझर मशीन जे जे ओकतं ते सगळं या शेवटच्या कॉलममध्ये जातं. तीन वर्षांत ८१ लाख ओळी झाल्यात. डेटाबेस पोस्टग्रेस, आवृत्ती १७. केंद्र आणि तारीख मिळून एक इंडेक्स आहे, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची.

एका केंद्राची बिलाची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) उचलून एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ केली. (हा आदेश क्वेरी चालवून ती कशी चालली आणि किती वेळ लागला ते दाखवतो.) इंडेक्स स्कॅन, कॉस्ट ०.४३ ते ८.४६, ओळी १,२००, वेळ ५ मिलिसेकंद.

पाच मिलिसेकंद! आणि अण्णांच्या स्क्रीनवर चार सेकंद. डेटाबेसचा दोष नाही असं मनाशी ठरवून दुपारभर जँगोच्या (हे सॉफ्टवेअर ज्यात लिहिलंय ते पायथन फ्रेमवर्क) कोडमध्ये डोकं घातलं. काही सापडलं नाही. एक गोष्ट दिसली होती, प्लॅनरचा, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या डेटाबेसमधल्या भागाचा, अंदाज १ ओळ होता आणि आल्या १,२००. तेव्हा तिकडे दुर्लक्ष केलं.

१२ जून

कॉस्ट ८.४६ म्हणजे काय, हेच मला धड सांगता येत नव्हतं. नऊ वर्षं हे काम करतोय. आज बसून हातानं गणित केलं.

हा आकडा मिलिसेकंद नाही. प्लॅनर घड्याळ बघत नाही. एकापाठोपाठ पेजं (टेबल ज्यांत साठवलेलं असतं ते ठोकळे) वाचताना एका पेजची किंमत १ धरायची आणि बाकी सगळं त्या मापात. इकडेतिकडे उडी मारून पेज वाचलं तर ४, एक ओळ हाताळायला ०.०१, इंडेक्समधली एक नोंद ०.००५, एक तुलना ०.००२५. हे सगळे मूळचे आकडे, सेटिंगमध्ये बदलता येतात.

पडताळा घ्यायचा म्हणून समांतर वर्कर बंद केले, इंडेक्स स्कॅन बंद केले आणि 'केंद्र = १७' एवढीच अट देऊन अख्खं टेबल वाचायला लावलं. टेबलाची पेजं १,२६,५६२, प्रत्येक ८ केबीचं. ओळी ८१ लाख. तर पेजांचे १,२६,५६२, ओळींचे ८१,०००, तुलनांचे २०,२५०. बेरीज २,२७,८१२. एक्सप्लेनमध्ये शेवटचे एकदोन अंक सोडले तर हाच आकडा. (ओळींची संख्या प्लॅनरकडेही अंदाजानंच असते, तेवढा फरक.) आकडा जुळल्यावर शाळेत ताळा बरोबर आल्यावर व्हायचा तसा आनंद झाला.

ही पद्धत जुनी आहे. १९७९ साली आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पातून पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. त्यांचं सूत्रही 'वाचलेली पेजं अधिक वजन गुणिले हाताळलेल्या ओळी' असंच होतं. मजेशीर गोष्ट अशी, की एखाद्या कॉलमबद्दल काहीच माहिती नसेल तर 'यापेक्षा मोठा' या अटीत एक तृतीयांश ओळी बसतील असं त्यांनी धरलं होतं, आणि पोस्टग्रेस माहिती नसताना आजही ०.३३३३च धरतं.

१४ जून

माझा समज असा होता: सिलेक्टनंतर स्टार (*) लावला की सगळे कॉलम वाचले जातात, सहा कॉलम मागितले की सहाच वाचले जातात. म्हणून कॉस्ट कमी व्हायला पाहिजे. करून बघितलं. कॉस्ट तीच, पेजांचे आकडेही तेच. फक्त विड्थ (ओळीच्या रुंदीचा अंदाज, बाइटमध्ये) बदलली, ९४ वरून ३०.

विचार केला तर यात नवल काही नाही. पोस्टग्रेस ओळ एकत्र ठेवतं. एका पेजवर साधारण ६४ ओळी, प्रत्येक ओळीत सगळे कॉलम एकापुढे एक. लिटर हवेत म्हणून पेज उघडलं की फॅट आणि एसएनएफही सोबत आलेच. किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत फक्त रकमेचा रकाना वाचायचा असला तरी पान अख्खंच उलटावं लागतं.

व्हर्बोज (एक्सप्लेनचं सविस्तर रूप) लावल्यावर तर आणखी गंमत. 'सगळ्या लिटरची बेरीज' एवढीच साधी क्वेरी दिली. बेरजेच्या खालचा सीक्वेन्शियल स्कॅन (अख्खं टेबल वाचणारी पायरी) आउटपुटमध्ये सगळेच्या सगळे कॉलम दाखवतो. एकच कॉलम मागितलेला असताना! बग सापडला असं वाटून तासभर त्यात गेला. बग नाही. स्कॅनच्या पातळीवर कॉलम निवडून नवीन ओळ बांधायची तर त्यालाही मेहनत पडते. वरच्या पायरीला फरक पडत नसेल तर प्लॅनर ओळ आहे तशी वर सरकवतो आणि बेरीज करणारा त्यातून हवं ते उचलतो. सॉर्ट किंवा हॅशसारखी पायरी मध्ये असली, जिथे ओळी साठवून ठेवाव्या लागतात, तर मात्र तो खालच्यांना मोजकेच कॉलम द्यायला लावतो. म्हणजे कॉलम कुठे गाळायचे हाही प्लॅनचाच एक निर्णय आहे, सिलेक्टनंतर काय लिहिलंय यावर तो सरळ ठरत नाही.

जाता जाता कळलेलं: ओळ उलगडताना पोस्टग्रेस डावीकडून सुरुवात करतं आणि लागणारा शेवटचा कॉलम आला की थांबतं. म्हणून टेबलात उजवीकडच्या टोकाला असलेला कॉलम किंचित महाग. आपल्या कामात हा फरक मोजण्याइतकाही नाही, पण आधीच्या कंपनीत एकजण नेहमी महत्त्वाचे कॉलम आधी लिहायचा आणि आम्ही त्याला हसायचो.

१५ जून

सापडलं.

टेबलाचा आकार बघत होतो. नुसतं टेबल ९८९ एमबी. 'टोटल' विचारलं तर २४ जीबीच्या वर. इंडेक्स एवढे मोठे नाहीत. बाकी सगळं टोस्ट.

ओळ साधारण २ केबीच्या वर जायला लागली की पोस्टग्रेस तिच्यातली मोठी किंमत आधी दाबून बघतं. तरीही बसत नसेल तर ती तुकडे करून बाजूच्या टोस्ट टेबलात टाकतं आणि मूळ ओळीत फक्त पत्ता ठेवतं. हा पत्ता १८ बाइटचा. आपलं 'कच्चा' जेसन एकेक सरासरी १० केबीचं आहे, दाबून ३ केबीच्या आसपास. म्हणजे ८१ लाख ओळींत जवळपास सगळीकडे फक्त पत्ते आहेत, माल गोदामात.

मग पीजी_स्टॅट्स (प्लॅनर वापरतो ती आकडेवारी) उघडून 'कच्चा' कॉलमची सरासरी रुंदी बघितली. १८.

प्लॅनरच्या लेखी हा कॉलम १८ बाइटचा आहे! अ‍ॅनालाइझ (एक्सप्लेनमधलं नव्हे, टेबलाची आकडेवारी गोळा करणारा वेगळा आदेश) करताना तो जो नमुना घेतो त्यात पत्ताच मोजला जातो, मागचे दहा केबी नाहीत. १४ तारखेला दिसलेली ९४ ची विड्थ अशीच आली होती. आणि पत्ता वटवून माल बाहेर काढायचा खर्च कुठल्याच कॉस्टमध्ये धरलेला नाही.

बरं, कॉस्ट चुकली तर चुकली, एक्सप्लेन अ‍ॅनालाइझनं प्रत्यक्ष वेळ तरी खरी दाखवायला हवी होती. तिथेही खोच आहे. एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ क्वेरी खरोखर चालवतं, पण आलेल्या ओळी क्लायंटला पाठवत नाही. पाठवायच्याच नाहीत, म्हणून जेसनचा मजकूर बनवत नाही. मजकूर बनवायचा नाही, म्हणून टोस्ट उघडतच नाही. पाच मिलिसेकंद हे गोदामाच्या पावत्या फाडण्याचे होते, पोती उचलण्याचे नव्हतेच.

पोस्टग्रेस १७ मध्ये यासाठीच सीरियलाइझ हा पर्याय आला आहे. तो लावला की ओळी पाठवल्या जात नाहीत, पण पाठवण्यासाठी तयार मात्र केल्या जातात, आणि त्याचा वेळ वेगळा दाखवला जातो. सकाळी सकाळी, कॅश थंड असताना (म्हणजे आधी वाचलेलं मेमरीत काही नसताना), केंद्र १७ साठी लावला:

सीरियलायझेशन: वेळ २,९०० मिलिसेकंद, आउटपुट १२ एमबीच्या थोडं वर.

लगेच दुसऱ्यांदा चालवलं तर ३१० मिलिसेकंद. 'दुसऱ्यांदा दाबलं की पटकन येतं' असं अण्णा म्हणायचे ते यामुळेच. १,२०० ओळी गुणिले १० केबी, बारा एमबी. ६२ केंद्रं धरली तर पाऊण जीबी जेसन दर दहा दिवसांनी डेटाबेसमधून निघून, नेटवर्कवरून येऊन, पायथनमध्ये उलगडून, शेवटी कचऱ्यात जात होतं. बिलावर त्यातला एकच आकडा छापतात, पाण्याचा टक्का.

आणि क्वेरीत कुठेही स्टार नव्हता. ओआरएम (जँगोचा क्वेरी लिहून देणारा भाग) स्टार लिहीत नाही, सगळ्या कॉलमची नावं इमानदारीत लिहितो. म्हणून 'कोडमध्ये स्टार शोधा' या सल्ल्यानं मला काहीच सापडलं नसतं.

सॉर्टचाही संशय होता, तो खोटा निघाला. सभासद क्रमांकानं लावताना सॉर्टमधून पत्तेच फिरतात, माल नाही. मेमरी जेमतेम २०० केबी लागली, ४ एमबीची वर्क मेम (सॉर्टसारख्या कामाला दिलेली मेमरी) पुरून उरली.

१७ जून

दुरुस्ती सोपी वाटली: जँगोच्या क्वेरीला 'ओन्ली' लावून लागणारे कॉलम दिले. माझ्या मशीनवर पाच-सहा बिलं काढली, झकास. टेस्ट सर्व्हरवर ६२ केंद्रांचं पूर्ण बिल चालवलं आणि ६ मिनिटं लागली. आधी चार लागत होती.

पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्समध्ये (कुठली क्वेरी किती वेळा चालली याची नोंद) बघितलं तर एक नवीन क्वेरी यादीत सगळ्यात वर: 'एका आयडीचा कच्चा कॉलम द्या'. कॉल्स ७४,४००. म्हणजे ६२ केंद्रं, प्रत्येकी १,२०० ओळी, ओळीमागे एक फेरी. मॉडेलमध्ये पाण्याचा टक्का देणारी प्रॉपर्टी आहे, मीच दोन वर्षांपूर्वी लिहिलेली, ती जेसनमध्ये हात घालते. कॉलम आणलेला नसेल तर जँगो तक्रार करत नाही, गुपचूप जाऊन घेऊन येतो, एकेक करून. इतकं आज्ञाधारक असू नये माणसानं. माझ्या मशीनवर डेटाबेस शेजारीच असल्यामुळे हे कळलं नव्हतं.

जेसनमधून फक्त 'पाणी' ही किल्ली एसक्यूएलमध्येच काढून बघितली. नेटवर्कचं ओझं गेलं, पण सर्व्हरला एका आकड्यासाठी अख्खं जेसन टोस्टमधून काढून उलगडावंच लागतं. शेवटी 'पाणी' हा साधा कॉलमच टेबलात घातला. कॉलम घालणं क्षणात झालं, डिफॉल्ट दिला नव्हता. जुन्या ८१ लाख ओळी भरत बसलो नाही, १ जूनपासूनच्या तेवढ्या भरल्या. अपडेट म्हणजे ओळीची नवी प्रत, जुनी प्रत व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची साफसफाई) होईपर्यंत जागा अडवून बसते. कुणी मार्चच्या बिलातला पाण्याचा टक्का मागितला तर तेव्हा बघू.

२१ जून

बिलाचा दिवस. ६२ केंद्रं, ९ सेकंद. अण्णांनी फोन केला तो बिल झालं का विचारायला, कारण त्यांना विश्वास बसेना.

दुपारी मात्र दुसरंच. परवा चालू केलेली 'निव्वळ रक्कम' ही नवी स्क्रीन, पशुखाद्याची उधारी आणि अ‍ॅडव्हान्स वजा करून दाखवणारी, एका केंद्राला २५ सेकंद घेतेय. एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ: नेस्टेड लूप, म्हणजे बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी आतली पायरी पुन्हा. बाहेर संकलन, आत 'कपात' टेबलाचा सीक्वेन्शियल स्कॅन. आतल्या स्कॅनचा वेळ २१ मिलिसेकंद लिहिलेला. पहिल्यांदा वाचताना 'एकवीसच तर आहे' म्हणून पुढे गेलो. त्याच ओळीच्या टोकाला लूप्स १,२००. एक्सप्लेनमधला वेळ एका फेरीचा असतो. २१ गुणिले १,२००, पंचवीस सेकंद, हिशेब चुकता.

प्लॅनरनं असा वेडेपणा का केला? कारण बाहेरून एकच ओळ येणार असं त्याला वाटत होतं. एकाच ओळीसाठी कपातीचं टेबल एकदा वाचणं रास्तच आहे. ११ तारखेला मी डोळ्यांआड केलेला 'अंदाज १' तो हाच.

शेवटचं ऑटो अ‍ॅनालाइझ कधी झालं? २९ मार्चला. टेबलाच्या दहा टक्के ओळी बदलल्या की ऑटो अ‍ॅनालाइझ सुटतं, असा मूळचा नियम. आपल्याकडे दहा टक्के म्हणजे ८ लाख १० हजार ओळी. रोजच्या ७,४४० नं भागलं तर १०९ दिवस. टेबल लहान होतं तेव्हा हा नियम दोन-चार दिवसांत पुरा व्हायचा. आता प्लॅनरच्या हिस्टोग्राममध्ये (किमती कशा विखुरल्यात याची त्याची नोंद) सगळ्यात अलीकडची तारीख मार्चअखेरची आहे आणि आपण विचारतोय जूनचं. त्याच्या जगात जून उजाडलेलाच नाही. शून्य म्हणायची त्याला मुभा नाही, म्हणून तो एक म्हणतो.

तारखेवर स्वतंत्र बी-ट्री इंडेक्स असता तर प्लॅनर अशा वेळी इंडेक्सच्या टोकाला डोकावून खरी शेवटची तारीख बघून येतो. आपल्या इंडेक्समध्ये तारीख दुसरी आहे, केंद्र पहिलं. तिथून डोकावता येत नाही.

हातानं अ‍ॅनालाइझ चालवलं. नमुना ३०,००० ओळींचा (टार्गेट १००, त्याच्या तीनशे पट), काही सेकंदांत झालं. अंदाज १,१८७ वर आला, प्लॅन हॅश जॉइनवर (दोन्ही टेबलं एकेकदाच वाचून जोडणं) गेला, स्क्रीन ४५ मिलिसेकंदांवर. कोडमध्ये एक अक्षर बदललं नाही. या टेबलापुरतं अ‍ॅनालाइझचं प्रमाण एक टक्क्यावर आणलं, म्हणजे आता दर अकरा दिवसांनी होईल.

२४ जून

केंद्राच्या सचिवांच्या मोबाईलवर रोजचं एकूण लिटर आणि रक्कम दिसते. त्या स्क्रीनसाठी केंद्र-तारखेच्या इंडेक्समध्येच लिटर आणि रक्कम 'इन्क्लूड' करून ठेवायची कल्पना. पोस्टग्रेस ११ पासून ही सोय आहे. मागितलेले सगळे कॉलम इंडेक्समध्येच असले तर टेबलाला हात लावायचं कारण नाही, इंडेक्स-ओन्ली स्कॅन. कॉलम कमी मागितल्यामुळे वाचणंच कमी होतं अशी ही खरी जागा. ('कच्चा'सुद्धा इन्क्लूड करता येईल का असं सहकाऱ्यानं विचारलं. बी-ट्रीमधली एक नोंद पेजच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठी चालत नाही, म्हणजे २,७०४ बाइट. नाही करता येणार, आणि आलं असतं तरी करू दिलं नसतं.)

इंडेक्स बनवला, प्लॅनमध्ये इंडेक्स-ओन्ली स्कॅन आलं, आणि खाली हीप फेचेस (टेबलात माराव्या लागलेल्या खेपा) १,२००. नावाला 'ओन्ली', काम जुनंच.

इंडेक्सला एखादी ओळ आपल्याला दिसायला हवी की नको हे माहीत नसतं, ती माहिती टेबलातल्या ओळीवर असते. पेजवरच्या सगळ्या ओळी सगळ्यांना दिसतात अशी खूण व्हिजिबिलिटी मॅपमध्ये असेल तरच टेबल टाळता येतं, आणि ती खूण व्हॅक्यूम लावतं. आपल्या टेबलात भरच पडते, खोडाखोड जवळपास नाही. नुसत्या भरतीवर सुटणारा ऑटोव्हॅक्यूम पोस्टग्रेस १३ पासून आहे, पण टेबलाच्या वीस टक्के भर पडल्यावर. १६ लाख २० हजार भागिले ७,४४०. दोनशे अठरा दिवस. म्हणजे जे दिवस लोक खरोखर बघतात, कालचा, परवाचा, गेल्या आठवड्याचा, ते सात महिने विनाखुणेचे.

व्हॅक्यूम हातानं चालवल्यावर हीप फेचेस ०. भरतीचं प्रमाण ०.००५ केलं, साधारण साडेपाच दिवसांनी सुटेल. आज-कालच्या ओळींसाठी टेबलात जावं लागेलच, ते चालेल.

१ जुलै

बिल ८ सेकंदांत. सगळं सुरळीत म्हणून फोन बाजूला ठेवला तर अण्णांचाच फोन. एका सभासदानं फॅटवरून वाद घातलाय, म्हशीच्या दुधाला ४.१ इतकी कमी फॅट कशी लागली म्हणून. पूर्वी ओळीवर दाबलं की मशीनची पूर्ण चिठ्ठी उघडायची, ती आता उघडत नाही. "ती तुम्ही काढून टाकली होय?"

काढून टाकली होती. १७ तारखेला 'ओन्ली' लावताना ती खिडकी माझ्या ध्यानातच नव्हती. तासाभरात परत बसवली: ओळीवर दाबलं की तेवढ्या एका आयडीचा 'कच्चा' वेगळ्या क्वेरीनं येतो. एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ, या वेळी सीरियलाइझ लावून, ३ मिलिसेकंद. अण्णांनी चिठ्ठी छापून सभासदाच्या हातात दिली. त्या दिवशी मशीननं दुधाचं तापमान ९ अंश नोंदवलं होतं. नमुना थंड होता, आकडा कदाचित त्यामुळेच कमी. वाद आता केंद्राच्या सचिवांकडे गेलाय.